मी न पाहिलेल्या गावात मला पाहिलेली बाई

आधीच सांगून ठेवते, भूत-खेत, करणी, अंगात येणं यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. या पानावर तुम्ही लोक जे अनुभव लिहिता ते मी रोज दुपारी चष्मा लावून वाचते आणि निम्मे वाचून हसते. आमच्या गल्लीत तर लोकांना घाबरवायचं खातं माझ्याकडंच होतं. लग्न होऊन दोन पोरं झाल्यावरसुद्धा मी शेजारच्या चौगुलेकाकूंच्या सुपाला दोरा बांधून भर दुपारी ओढायची, आणि सूप चाललं म्हणून त्या बोंबलत आल्या की सगळ्यात आधी मीच विचारायची, "काय झालं हो काकू?"

तर अशा बाईचा हा अनुभव आहे. वय आता अठ्ठ्याहत्तर. गोष्ट घडली तेव्हा मी तिशीत होते आणि अक्कल त्या मानानं फार कमी होती.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचं वर्ष. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. घरात सासूबाई - त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो - आमचे हे, म्हणजे कचेरीतले कारकून, आमची दोन मुलं, धाकटे दीर बाळू भावजी आणि त्यांची बायको सुलभा. सुलभा माझी धाकटी जाऊ. मला अक्का म्हणायची. गोरी, बारीक आवाजाची, कधी उलटून न बोलणारी. अशा माणसाबरोबर एका चुलीवर सात वर्षं काढून बघा म्हणजे कळेल.

भावजी हायस्कुलात गणित शिकवायचे. त्या काळी आफ्रिकेतल्या शाळांना आपल्याकडचे मास्तर हवे असायचे. पेपरात जाहिरात आली, त्यांनी अर्ज केला आणि चार महिन्यांत बोलावणं आलं. नायजेरियातलं जॉस नावाचं गाव. डोंगरावरचं, थंड हवेचं.

घरात पेढे वाटले. मी पण वाटले. हसत हसत वाटले. आणि मग मोरीत जाऊन बसले.

मला सांगा, शाळेत भूगोलात पहिली कोण यायची? मी. आफ्रिकेच्या कोऱ्या नकाशात नद्या न बघता कोण भरायचं? मी. आणि ही सुलभा, जी गगनबावड्याला जायचं म्हटलं तरी एसटीत ओकायची, जिला पन्हाळा कुठल्या दिशेला आहे ते सांगता यायचं नाही, ती विमानात बसून आफ्रिकेला चालली होती. त्यात भर म्हणजे ती रडत होती. "अक्का, मला न्हाय गं जायचं." मला वाटायचं, हिला एक ठेवून द्यावी आणि हिच्या पासपोर्टवर माझा फोटो चिकटवावा.

आत्याबाईंचा सगळा जीव तेव्हा सुलभात. तिला आधी दोनदा दिवस राहून गेले होते. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. आत्याबाईंचं एक मत होतं, त्यांच्या माहेरच्या बायका पाळायच्या तसं - नव्या मुलखात गेलं की पहिल्यांदा तिथल्या वाहत्या पाण्याची ओटी भरायची. मग ते पाणी आपल्याला परकं मानत नाही, अंगाला लागतं, कूस धरते. म्हणून त्यांनी महाद्वार रोडवरून एक खण आणला. हिरवागार, तांबड्या काठाचा. अंबाबाईच्या पायाला लावून आणला आणि सुलभाच्या हातात दिला.

"सुले, तितं नदी असूं दे न्हाय तर वढा. हे पाण्याला दे. नारळ मिळंल त्यो घे, न्हाय मिळाला तर फळं घे. पन खण ह्योच."

मला दोन बाळंतपणांत कुणी खण दिला नव्हता. मला पाणी आपोआपच लागत होतं ना.

ट्रंक भरायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझी घडी चापून बसते. कांदा-लसूण चटणीची बरणी फडक्यात गुंडाळून मी मधोमध ठेवली. बरणीचं तेल झिरपून बोटांना लागलेलं. शेजारी तो खण. मी तो उचलला. अंगठा कोपऱ्यावर टेकला आणि तांबडा ठसा उठला, चांगला रुपयाएवढा. मनात म्हटलं, आता हा खराबच झाला, पाण्याला कसा चालायचा? हे आपलं स्वतःला सांगायला. खरं म्हणजे ठसा उठायच्या आधीच मी तो घ्यायचं ठरवलं होतं. पोलक्यात खोचला, वर गेले, माझ्या ट्रंकेत लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्राला.

कशासाठी चोरला ते विचारू नका. मला शिवायचा नव्हता, मिरवायचा नव्हता. तिच्याकडं सगळं होतं, त्यातलं एक तरी कमी व्हावं, एवढंच. तिशीतल्या त्या बाईला आज भेटले तर मी तिचा कान धरीन... आणि नंतर चहा पाजीन, कारण ती फार एकटी होती.

ते दोघं गेले. महिन्याभरानं पहिलं पाकीट आलं. आत भावजींनी त्या गावाचा एक रंगीत घडीचा कागद घातला होता, इंग्रजीत, गावात काय बघावं आणि काय करावं याचा. आमच्या ह्यांनी चाळला आणि फळीवर टाकला. मी तो उचलला, मुलांची डिक्शनरी घेतली आणि आठ दिवसांत पाठ केला. एकावर एक रचून ठेवल्यासारखे धोंडे, त्यांच्यावर चढायला जायचं. मातीच्या हजारो वर्षांच्या मुंडक्यांचं म्युझियम, त्याच्या शेजारी प्राणी. कथिलाच्या जुन्या खाणी, आता पाण्यानं भरलेल्या, तिथं मासे धरायचे. निवडुंगाची कुंपणं असलेली खेडी. आणि तासा-दीड तासावर, जिथं डोंगर संपतो तिथं, पायऱ्या-पायऱ्यांनी कोसळणारा धबधबा.

भाकरी थापताना मी त्या गावातून हिंडायची. आज धोंड्यांवर, उद्या म्युझियम. आमचे हे एकदा म्हणाले, "अगं, भाकरी करपली, कुठं आहेस?" मी म्हटलं, "खाणीवर." त्यांनी पुढं विचारलं नाही. शहाणे होते.

आणि सुलभाची पत्रं? निळं हवाईपत्र, त्यात नऊ ओळी. आम्ही खुशाल आहोत. बटाटे चांगले मिळतात. थंडी आहे, स्वेटर घालते. आत्याबाईंना नमस्कार. संपलं. धबधब्याच्या गावात राहून ही बाई बटाटे लिहीत होती.

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. पत्र दुपारी यायचं, हे कचेरीत, म्हणून वाचणारी मी. चौगुलेकाकू पोस्टमनची सायकल बघूनच येऊन बसायच्या. मधल्या खोलीत आत्याबाई तांदूळ निवडत बसायच्या, काकू उंबऱ्यावर आणि मी खिडकीखाली.

पहिली दोन पत्रं मी आहेत तशी वाचली. तिसऱ्यात लिहिलं होतं, "इथं सगळं मिळतं, शेजारीण रोज दूध आणून देते." माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "इथं काहीच मिळत नाही. दूध तर बघायलासुद्धा नाही."

असं वाटलं की घोटभर थंड पाणी प्यायले.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून चहात दूध बंद. "पोरीला तितं दूध न्हाय आन मी हितं पांढरा च्या पिऊ?" आणि त्या पीत नाहीत म्हटल्यावर घरातलं कोण पिणार? सव्वा महिना आम्ही सगळ्यांनी कोरा चहा प्यायला. मला कोरा चहा मुळीच आवडत नाही. पुढच्या पत्रात मी घाईघाईनं दूध सुरू केलं.

पण प्रत्येक पत्राला त्यांचा शेवटचा प्रश्न एकच. "वटीचं काय लिवलंय?"

"नाही काही लिहिलं."

"परत बघ की. खालच्या कडंला आसंल."

मी खालच्या कडेला बघायची. तिथं असायचं - अक्काची फार आठवण येते. ते मी वाचत नसे.

मग भाद्रपदात पत्र आलं की सुलभाला सहावा महिना आहे. आधी कळवलं नव्हतं, मागच्यासारखं होईल म्हणून. आणि आता अंगावरून जातंय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. हे पत्र मी एक शब्द न बदलता वाचलं. आत्याबाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तिनं वटी भरली न्हाय. खण तसाच ट्रंकेत पडलाय बग तिच्या. म्हनून."

त्याच दुपारी मी शालूतून तो खण काढला, पिशवीत घातला आणि पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसानं फॉर्म पुढं केला. "आत काय आहे ते लिवा, पाठवणाऱ्याचं नाव पत्ता लिवा. दोन महिने तर लागत्यात बघा बाई." दोन महिने. आणि वर माझं नाव. मी फॉर्म हातात घेऊन बाकावर बसले, शाई वाळेपर्यंत टाक धरला आणि परत आले. खण परत शालूत. कुलूप.

अंधश्रद्धा मानत नव्हते म्हणते ना मी? मग त्या महिन्यात मला जेवण का जात नव्हतं?

नवरात्र बसायला चार दिवस होते. सकाळी विळीवर भोपळा चिरताना माझं डाव्या हाताचं बोट चांगलंच कापलं. आत्याबाईंनी हळद दाबून चिंधी बांधली. दुपारी तीनच्या सुमाराला हवाईपत्र आलं. सात ओळी. पडूनच आहे, पाय सुजतात, काळजी करू नये. काकू उंबऱ्यावर येऊन बसल्या होत्या. आत्याबाईंच्या हातात सूप होतं, पण त्या निवडत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या माझ्याकडं.

मी पत्र तोंडासमोर धरलं आणि म्हटलं, "आत्याबाई, ओटी भरली."

"काय?"

"लिहिलंय. ऐका. - डॉक्टरांनी थोडं फिरायची परवानगी दिली, म्हणून यांनी मला धबधब्यावर नेलं."

एवढं मी ठरवून बोलले. रंगीत कागदावरचा धबधबा डोळ्यांपुढं आणला आणि त्यावर आता चार वाक्यं रचायची, बस. पण त्याच्या पुढचं मी रचलं नाही. कसं सांगू... शिवणयंत्रावरचा पाय उचलला तरी चाक आपलं आपण फिरत राहतं ना, तसं झालं.

"वरून खाली पायऱ्या आहेत. ओल्या. डाव्या हाताला लोखंडी कठडा आहे, त्याचा एक गज नाही, तिथं दोरी बांधली आहे. पाण्याचा आवाज एवढा की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. खाली एक बाई संत्री विकत बसली आहे. पुढचे दोन दात फाकलेले. ती संत्र्याची वरची साल ब्लेडच्या पातीनं काढते, एका पट्टीत, गोल गोल, खालचं पांढरं तसंच ठेवून..."

"पांढरं ठेवून? मग खायचं कसं?" चौगुलेकाकू म्हणाल्या.

"वरून टवका काढायचा आणि चोखायचं," मी म्हटलं. मला कसं माहीत? कागदावर संत्र्याचं नावही नव्हतं.

"फुडं वाच," आत्याबाई म्हणाल्या.

"नारळ नाही मिळाला. तिनं पाच संत्री दिली. ती खणात बांधली आणि पाण्यात उतरले. पाणी घोट्याच्या वर आहे, गार आहे. ओटी सोडली तर संत्री वाहून गेली, पण खण दगडाला अडकला. ती बाई आली, तिनं तो काढला, पिळला आणि मला परत द्यायला लागली. मी म्हटलं, तुलाच राहू दे. ती हसली. तिनं त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर संत्र्यांची पाटी घेतली."

आत्याबाईंच्या डोळ्यांतनं पाणी. "बरं झालं. बाईमाणसाच्या डोक्यावर गेला, म्हंजे पावला."

मी पत्र खाली केलं. त्या खोलीत ऊन होतं, तांदळाचं सूप होतं, काकूंच्या कडेला मांजर होतं. सगळं जागच्या जागी. फक्त माझ्या साडीचा खालचा काठ ओला होता, घोट्याच्या वरपर्यंत. मी मोरीत भांडी घासून आले होते का? असेन. नक्की आठवत नाही. नळाला पाणी मात्र सकाळी नऊलाच गेलेलं होतं.

चहा ठेवते म्हणून उठले आणि वर गेले. ट्रंकेचं कुलूप लागलेलं. किल्ली मंगळसूत्राला. उघडलं, शालू काढला, घडी उलगडली.

खण नव्हता.

शालूवर जिथं खण होता तिथं चटणीच्या तेलाचा फिकट डाग होता, बस. सगळी ट्रंक उपसली. मग नवऱ्याच्या कपाटात, मुलांच्या दप्तरात, आत्याबाईंच्या गाठोड्यात शोधलं. विचारणार कुणाला? चोरीचा माल चोरीला गेला तर ओरडायचं कुठल्या तोंडानं? आठ दिवस मी घरातल्या प्रत्येकाकडं संशयानं बघत होते. हे म्हणाले, "काय हरवलंय?" मी म्हटलं, "सुई."

पौषात तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आत्याबाईंनी गल्लीभर साखर वाटली आणि प्रत्येक दारात सांगितलं, "धबधब्याला वटी भरली तिनं." मी मागून साखरेचं ताट घेऊन चालले होते. आणि सांगते, मला तेव्हा आनंदापेक्षा मत्सरच जास्त झाला. ओटी भरली मी आणि नाव तिचं.

तीन वर्षांनी ते परत आले. मे महिना. सुलभा थोडी भरली होती, पण आवाज तसाच बारीक. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर चटणीच्या मिरच्यांचे देठ काढत बसलो. खाली आत्याबाई नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या. मी मनात बरंच काही ठरवून बसले होते. धबधब्याचा विषय निघाला तर कसा वळवायचा वगैरे.

सुलभाच म्हणाली, "अक्का, आत्याबाई मला सारख्या ओटीचं विचारायल्यात. संत्र्यांची ओटी. मी नुसती व्हय व्हय म्हणाले."

मी देठ काढत राहिले.

"मी तिथं गेल्या गेल्या ट्रंक उघडली. चटणी होती, खण नव्हता."

"विसरला असेल," मी म्हटलं.

"अक्का, ट्रंक तू भरलीस की."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो ऐकायचा होता, खरं सांगते. दहा वर्षं वाट बघत होते मी तिच्या रागाची.

"मग लिहिलं का नाहीस? एका पत्रात लिहायचं होतंस, खण मिळाला नाही म्हणून."

"पत्र तूच वाचणार होतीस. आत्याबाईंच्या समोर तुला ते वाचायला लागलं असतं."

म्हणजे बघा. त्या नऊ-नऊ ओळींत ओटी का नव्हती, तर माझी अब्रू झाकायला. चांगुलपणातसुद्धा ही बया माझ्या पुढं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, असं मी सांगितलं, आणि पदरानं डोळे पुसले.

"पण ते न्हाय सांगायचं मला," ती म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढला. "आम्ही धबधब्यावर एकदाच गेलो. बाळ सहा महिन्यांचं होतं तेव्हा. त्याच्या आधी मी घराच्या बाहेर पडले नव्हते, ना धोंडे बघितले ना म्युझियम. हे बघ."

रंगीत फोटो. ओल्या पायऱ्या. लोखंडी कठडा, त्याचा एक गज नाही, तिथं दोरी. आणि पायथ्याशी एक बाई उभी, हसणारी, पुढचे दोन दात फाकलेले. डोक्यावर संत्र्यांची पाटी, आणि पाटीखाली चुंबळ. हिरवी. तांबड्या काठाची.

मी फोटो डोळ्यांजवळ नेऊन तो काठ परत बघितला.

"शाळेचा ड्रायव्हर बरोबर होता, त्यानं तिचं बोलणं सांगितलं," सुलभा म्हणाली. "मी पायऱ्या उतरले तशी ती माझ्या कुंकवाकडं बघून बोलायलाच लागली. म्हणाली, तुझी बहीण येऊन गेली. मागचा पाऊस संपता संपता. मी म्हटलं, मला बहीण न्हाय. तर म्हणाली, आहे की. असंच लाल लावलेली, बोटाला पिवळी चिंधी बांधलेली. पाण्यात उभी राहिली आणि हे मला देऊन गेली."

पिवळी चिंधी. त्या कापलेल्या बोटाचं मी कुणाला लिहिलं नव्हतं. आमच्या घरातनं तिला पत्र लिहिणारी मीच होते, आणि मी तरी काय लिहायची, चार ओळी.

"अक्का, मी तिला पाटी खाली ठेवायला लावली. चुंबळ सोडवली. कोपऱ्यावर तांबडा डाग होता, अंगठ्याएवढा. मी वास घेतला." सुलभा आता मिरच्यांकडं बघत होती. "लसणाचा वास होता. आपल्या चटणीचा. मी तिथंच पायरीवर बसून रडले. यांना वाटलं बाळंतपणानं डोकं फिरलं."

"मग आणला का नाहीस तो?"

"मागितला की. पैसे देऊ केले, माझी साडी देऊ केली. ती बाई म्हणाली, तुझ्या बहिणीनं दिला तो. तू काय दिलंस मला?"

खालून आत्याबाईंचा आवाज येत होता, नातीला काहीतरी गाणं म्हणत होत्या. सुलभानं फोटो माझ्या हातातून घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा ओढला, आणि तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला. बारीक आवाज चढला की फार लागतो.

"तीन वर्षं मी त्या गावात राहिले, अक्का. उलट्या काढल्या, पडून राहिले, रडले. बाजारात गेले तर मला कुणी ओळखायचं न्हाय. आणि तू हितं बसून एकदा गेलीस तर ती बाई तुझी वाट बघत बसलीया. मला काय विचारलं तिनं ठाऊक आहे? ती परत कधी येणार."

एवढी वर्षं मला वाटायचं की जळायचा मक्ता एकट्या माझ्याकडंच आहे.

मी तिथंच तिला सगळं सांगितलं. पोलक्यात खोचलेला खण, पोस्टातला फॉर्म, कोरा चहा, न वाचलेल्या आठवणी. कोऱ्या चहाला ती हसली. बाकीच्याला नाही. आत्याबाईंना मात्र आम्ही दोघींनी शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या लेखी धबधब्याला ओटी सुलभानं भरली होती आणि पत्र मी वाचलं होतं.

आता तुम्ही विचाराल, याचा अर्थ काय? मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं विचार केलाय. खण ट्रंकेतून आमच्या घरातल्याच कुणी काढला आणि तसलाच दुसरा कुठल्या तरी मास्तरच्या बायकोनं तिथं नेला, असं एकदा ठरवून बघितलं. मग तो डाग? कठड्याचा गज? ती चिंधी? माझा थोरला मुलगा म्हणतो, आई, तुम्ही दोघींनी इतक्या वेळा एकमेकींना सांगितलंय की आता तुम्हालाच खरं वाटतं. असेलही. पण फोटो तर सांगून तयार होत नाही. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि ज्यांना सापडतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

मी आजवर विमानात बसलेले नाही. तो रंगीत कागद घड्यांवर फाटला, तरी माझ्याकडं आहे. संत्रं सोलायला दिलं तर मी सुरी घेऊन एका पट्टीत, गोल गोल, पांढरं ठेवून सोलते. सुना विचारतात, आई हे कुठं शिकलात. मी सांगते, बाहेरगावी.

सुलभा आता उचगावला मुलीकडं असते. गुडघ्यांनी बसलीय, पण फोनवर आवाज तोच. तो फोटो तिच्या कपाटात असतो. दर दिवाळीला मी मागते, आणि दर दिवाळीला ती देत नाही.

म्हणते, "गाव तू घेतलंस अक्का. फोटो तरी माझ्याकडं राहू दे."